कोल्हापुरात मेंढ्यांचा वाडा पाहायला यायचे असेल तर

दिवाळीच्या सुट्टीत दोन लहान मुलांना घेऊन पुण्याहून कोल्हापूरला येणार आहात, मुलांनी न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांच्या फार्मचे व्हिडिओ पाहिले आहेत, आणि लोकर कातरणे, कोकरांना दूध पाजणे, जमल्यास एक रात्र मुक्काम असे काही इकडे पाहायला मिळेल का, असे आपण विचारले आहे. पाहायला नक्की मिळेल, फक्त तिकिटाची खिडकी आणि ठरल्या वेळेचा कार्यक्रम ही कल्पना बाजूला ठेवून यावे लागेल. कागल तालुक्यात आमची शेती आहे आणि ऊस गेल्यावर मोकळ्या रानात मेंढ्या बसवण्याची पद्धत आमच्या घरात वडिलांच्या आधीपासून आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

इकडची मेंढपाळी एका जागी नसते. धनगर कुटुंब मेंढ्या, कुत्री, सामान वाहणारे घोडे आणि कोंबड्यांसह फिरत असते आणि ज्याच्या रानात मुक्काम असेल तिथे वाडा, म्हणजे त्यांचा उघड्यावरचा तळ, पडतो. पावसाळ्यात पश्चिमेकडचा चिखल मेंढ्यांना मानवत नाही, खुरे कुजतात आणि जंत वाढतात, म्हणून कळप पूर्वेकडच्या कमी पावसाच्या भागात जातात आणि पाऊस उघडल्यावर परततात. शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो, कारण रात्रभरात पडणारी लेंडी आणि मूत हे पुढच्या पिकाचे खत असते, आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. म्हणजे वाड्याचा मुक्काम आधी ठरलेल्या व्यवहारावर चालतो, पाहुण्यांच्या सोयीवर नाही. पन्हाळा आणि गगनबावडा या पश्चिमेकडच्या, जास्त पावसाच्या बाजूला शोधत बसू नका. कागल, करवीर, हातकणंगले, शिरोळ या तालुक्यांत ओळखीच्या शेतकऱ्याला ‘बकरी कुणाच्या रानात बसली आहेत’ असे विचारा (इकडे बोलण्यात मेंढ्यांनाही बकरीच म्हणतात), किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लसीकरणामुळे कोणता वाडा कुठे आहे हे त्यांना बहुधा ठाऊक असते. मेंढपाळाशी आदल्या संध्याकाळी फोनवर बोलूनच निघा, कारण वाडा रात्रीतून हलू शकतो.

वेळेचे मात्र फार महत्त्व आहे. बहुतेक पर्यटक अंबाबाईचे दर्शन आणि जेवण उरकून दुपारी येतात आणि रिकामी वाघर (मेंढ्या कोंडायचे जाळीचे कुंपण) पाहून निराश होतात, कारण तेव्हा मेंढ्या कुठे तरी दूर चरत असतात. सकाळी उजाडता उजाडता या. त्या वेळी कोकरे आयांना पाजली जातात, लंगडणारी मेंढी बाजूला काढून तिचे खूर पाहिले जाते, आणि उन्हे वर येऊन गवतावरचे दव सुकल्यावरच कळप चरायला सुटतो. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंतांची पिल्ले चढलेली असतात, ती पोटात जाऊ नयेत म्हणून ही वाट पाहणे असते.

सकाळ जमलीच नाही तर संध्याकाळ तरी चुकवू नका. कळप परत येण्याआधीच दिवसभर मागे ठेवलेली कोकरे ओरडायला लागतात, तिकडून आयांचा आवाज येतो, आणि कोकरांची वाघर उचलली की दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. शेकडो जनावरांच्या त्या गोंधळात प्रत्येक कोकरू आपल्या आईपर्यंत पोहोचते. नीट पाहिलेत तर असे दिसेल की मेंढी आवाजाला ओ देते, पण पाजण्याआधी शेपटीखाली हुंगून खात्री करते. परके कोकरू असेल तर डोक्याने ढकलून देते. एखादी आई आपल्याही कोकराला नाकारत असेल, तर मेंढपाळाची घरधनीण तिला दोन पायांत धरून कोकराच्या तोंडात सड देते. अंधार पडेपर्यंत हे काम चालते आणि त्या वेळी तिच्याशी बोलायला जाऊ नये. लहान मुलांसाठी वाड्यावर याहून सुंदर दुसरे काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकरू कडेवर घेऊन फोटो काढायची मुलांची इच्छा पुरी होऊ शकते, पण कोणते कोकरू घ्यायचे ते मेंढपाळ ठरवेल. डालग्याखाली झाकलेली एक-दोन दिवसांची कोकरे मागू नका. वासावरून आईशी त्यांचे नाते जुळत असते आणि पहिल्या काही तासांत मिळणारा चीक हाच त्यांचा आजारांपासूनचा बचाव असतो. बाटलीने दूध पाजण्याचा प्रकार फक्त पोरक्या कोकरांपुरता असतो, तसे एखादे असले तर मुलांना संधी मिळेल. सोबत बिस्किटे, पाव, शिळी भाकरी आणून मेंढ्यांपुढे टाकू नका, अशी कळकळीची विनंती आहे. गवतावर जगणाऱ्या मेंढीच्या पोटात अचानक पीठ किंवा धान्य जास्त गेले तर कोटीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) आम्ल वाढते आणि चांगले धडधाकट जनावर दगावू शकते. त्याचप्रमाणे कळपाच्या मागून धावणे, गाडीचा हॉर्न आणि ड्रोन पूर्णपणे टाळा. बुजलेल्या मेंढ्या एकमेकींवर चढतात आणि गाभण मेंढी चेंगरते. वाड्याजवळ पोहोचल्यावर लांबूनच ‘मामा’ किंवा ‘मावशी’ अशी हाक द्या आणि कोणी पुढे येईपर्यंत थांबा, कारण लांडग्यापासून कळप राखणारी कुत्री पाहुणा आणि चोर यांत फरक करत नाहीत.

लोकर कातरण्याचे आगाऊ आश्वासन कोणी देणार नाही. आपल्या दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते. मेंढ्या आधी ओढ्यावर किंवा नदीवर धुतल्या जातात, अंग वाळले की पाय बांधून आडवी केलेली मेंढी हातातल्या कातरीने मोकळी केली जाते. व्हिडिओत दिसणारी विजेची यंत्रे आणि एका मेंढीची चार-पाच किलो पांढरी लोकर इथे शोधू नका. दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो, काळी आणि भरड लोकर देते, आणि आज त्या लोकरीच्या दरातून कातरणीची मजुरीसुद्धा सुटणे अवघड झाले आहे. मेंढपाळाचे घर चालते ते कोकरे विकून आणि खतासाठी बसण्याच्या मोबदल्यावर. मुलांना कातरणी पाहायला मिळाली नाही, तर निदान हे तरी समजावून सांगा.

तुम्ही दिवाळीत येत आहात ही मात्र चांगली संधी आहे. पाडव्याला या भागात अनेक ठिकाणी लेंडीची रास करून तिची पूजा होते, दूध उतू घालतात आणि सजवलेली बकरी बुजवण्याचा, म्हणजे बिचकवून पळवण्याचा, कार्यक्रम होतो. हा त्यांचा सण आहे. बोलावणे असेल तर जा, कडेला उभे राहून पाहा, आणि पूजेच्या वेळी फोटो विचारूनच काढा. तारखा जुळत असतील तर हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्राही दसऱ्यानंतर दिवाळीच्या आधी येते. तिथे भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते आणि यात्रेचे मानकरी फरांडे बाबा यांची भाकणूक (भविष्यवाणी) ऐकायला कर्नाटकातूनही लोक येतात. गर्दी प्रचंड असते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन मी तरी जाणार नाही.

आरोग्याच्या दोन-तीन गोष्टी आवर्जून पाळा. त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्या गोठ्यावर जाऊन आला असाल तर पादत्राणे धुऊनच वाड्यावर या, कारण पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा एक जीवघेणा साथीचा रोग) किंवा लाळ्या-खुरकूत एका कळपातून दुसऱ्यात गेली तर त्या कुटुंबाचे वर्षभराचे उत्पन्न जाते. मुलांचे हात निघताना साबणाने धुवा. सोबत कोणी गरोदर असेल तर व्यालेल्या मेंढ्या, नवी कोकरे आणि वार (व्याल्यावर पडणारा जार) यांपासून तिने दूरच राहावे, कारण त्यांतून माणसाला आणि गर्भाला बाधणारे आजार होऊ शकतात. दूध उकळलेलेच प्यावे; चहा मिळेलच, तो नाकारू नये.

रात्रीच्या मुक्कामाचा बेत सोडून द्यावा, असे मी सुचवेन. वाड्यावर स्वतंत्र जागा आणि स्वच्छतागृह नसते, बायकांना परक्यांसमोर अवघडल्यासारखे होते आणि राखणीच्या रात्रीत पाहुण्यांची काळजी हे वाढीव ओझे होते. मुक्काम कागल किंवा कोल्हापुरात करा. पैशांचे म्हणाल तर, दोन-तीन तास त्यांचा वेळ घेतल्यावर काही तरी देणे हे तुमचे कर्तव्य समजा, पण ते मुलांच्या हातावर चिल्लर ठेवून नको. घरच्या कर्त्या माणसाशी आधीच मोकळेपणाने बोला, किंवा येताना धान्य, चहा-साखर, तेल आणा. वाड्यावरच्या लोकांना अडाणी समजून बोलणारे पाहुणे मी पाहिले आहेत आणि त्याचा मला संताप येतो. याच कागल तालुक्यातल्या यमगे गावचे बिरदेव डोणे २०२५ च्या एप्रिलमध्ये यूपीएससी उत्तीर्ण झाल्याचा निकाल लागला, तेव्हा ते बेळगावकडे मेंढ्या राखत होते. पुष्कळ कुटुंबांत नातवंडांच्या शाळेसाठी म्हातारी माणसे गावी राहतात आणि आईवडील रानोमाळ फिरतात. शाळेबद्दल त्यांना विचारलेत तर ते भरभरून बोलतील.

घरातल्या वयस्कर माणसांना बांधावरून चालणे झेपणार नसेल, तर बंदिस्त मेंढीपालनाचा पर्याय आहे. जत भागातल्या माडग्याळ मेंढ्या, उंच बांध्याच्या, फुगीर नाकाच्या, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेल्या, पाळणारे अनेक जण नव्या मेंढीपालकांना आपला गोठा दाखवतात, आणि सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळजवळ रांजणी येथे शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. तिथे जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. तुमच्या तारखा नक्की झाल्या की इथेच कळवा, त्या आठवड्यात आमच्या शिवारात कोणाचा वाडा असेल ते त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर सकाळची वेळ ठरवून देतो.