पक्षाघाताची चिन्हे कशी ओळखावीत? दहा मिनिटांत बरे वाटले तर रुग्णालयात जायला हवे का?

तुम्ही लिहिले आहे की काल सकाळी चहा घेताना तुमच्या वडिलांच्या उजव्या हातातून कप निसटला, पुढची दहा-एक मिनिटे त्यांना शब्द सापडेनात, जीभ जड झाली आणि त्यानंतर सारे पूर्ववत झाले. आईंना वाटते पित्त वाढले असेल, वडील म्हणतात रात्री झोप नीट झाली नव्हती, आणि तुम्ही विचारता की हे पक्षाघाताचे चिन्ह असू शकते का व ते ओळखायचे कसे. ओळखण्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिते. परंतु त्याआधी वडिलांना आजच, शक्य तितक्या लवकर, सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. सोमवारची अपॉइंटमेंट घेऊन थांबण्यासारखे हे प्रकरण नाही.

उजवा हात आणि वाचा एकाच वेळी जाणे ही गोष्ट पित्ताने होत नाही. बहुतेक माणसांमध्ये भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते आणि उजव्या हाताचे नियंत्रणही तोच भाग करतो, त्यामुळे दोन्ही एकदम बिघडली तर डाव्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ खंडित झाला असावा, ही शंका सर्वांत आधी घ्यावी लागते. लहानशी गुठळी रक्तवाहिनीत अडकते, मेंदूचा तो भाग काम थांबवतो, आणि गुठळी आपोआप विरघळली किंवा पुढे सरकली की माणूस पूर्ववत होतो. याला सर्वसाधारणपणे मिनी स्ट्रोक म्हणतात. बरे वाटले म्हणून धोका टळला असे समजणे येथे अतिशय महागात पडते, कारण अशा प्रसंगानंतर मोठा पक्षाघात होण्याची शक्यता पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असते. यावर उपायही आहे. ऑक्सफर्डशायरमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एक्सप्रेस नावाच्या अभ्यासात अशा रुग्णांची तपासणी व औषधे तातडीने सुरू केली, तेव्हा पुढच्या ९० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले.

मी डॉक्टर नाही. पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि पक्षाघातानंतर घरी परतलेल्या रुग्णांकडे जाते. म्हणजे ज्या टप्प्यावर तुमचे वडील आज आहेत, तो टप्पा उलटून गेल्यानंतर माझे काम सुरू होते. प्रत्येक घरी पहिल्या दिवशी मी विचारते की काहीतरी बिघडले आहे हे प्रथम केव्हा लक्षात आले. उत्तरे बहुधा एकाच धाटणीची असतात: रात्री जेवताना घास सांडत होता, पण म्हटले दमले असतील, संध्याकाळी पायातली चप्पल निसटत होती, पण म्हटले सकाळी बघू. चिन्हे दिसली नाहीत असे सांगणारे घर क्वचित भेटते. ती दिसलेली असतात, त्यांना दुसरेच काहीतरी नाव दिले गेलेले असते.

म्हणून सर्वांत आधी पाहायचे ते अचानकपण. संधिवात, मानेचे दुखणे किंवा म्हातारपणाचा थकवा हळूहळू वाढतो. पक्षाघात मात्र एका क्षणी नसतो आणि दुसऱ्या क्षणी असतो, आणि बहुतेकदा शरीराच्या एकाच बाजूला असतो. तो पुष्कळदा दुखतही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ आली की माणूस स्वतः ओरडतो आणि घर जागे होते. मेंदूला रक्त मिळेनासे झाले तर माणूस शांत बसून राहू शकतो, आणि ही शांतताच घरच्यांना फसवते.

शंका आली की माणसाला समोर बसवून दात दिसतील असे हसायला सांगावे आणि ओठांचा एक कोपरा खाली राहतो का, गालाची घडी एका बाजूला सपाट झाली आहे का, हे पाहावे. मग डोळे मिटून दोन्ही हात खांद्यांइतके समोर उचलायला आणि तळवे वर ठेवून मनात दहापर्यंत मोजेस्तोवर तसेच धरायला सांगावे. अशक्त बाजूचा हात खाली घसरतो किंवा त्याचा तळवा आतल्या बाजूला वळतो. हात दाबायला सांगून ताकद पाहण्यापेक्षा ही चाचणी अधिक विश्वासार्ह असते, कारण सौम्य अशक्तपणात पकड पुष्कळदा बरी असते. त्यानंतर एखादे साधे, पूर्ण वाक्य आपल्यामागून म्हणायला सांगावे. ‘आज भाजी आणायला मंडईत गेलो होतो’ असे कोणतेही चालेल. या तिन्हींपैकी एकच गोष्ट नव्याने बिघडलेली असली तरी निघावे. तिन्ही जुळून येण्याची वाट पाहू नये.

वाचेविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच होतात. काही रुग्णांचे उच्चार बोबडे होतात, आणि ते कोणाच्याही ध्यानात येते. काहींचे उच्चार मात्र स्पष्ट असतात आणि शब्द चुकतात: चष्मा मागायचा असताना ते किल्ली म्हणतात, किंवा अर्थहीन वाक्ये सफाईने बोलत राहतात. काहींना समोरच्याचे बोलणेच कळत नाही, ते नुसते मान हलवतात. अशा वेळी घरात ‘बाबांना भ्रम झाला’, ‘मनावर परिणाम झाला’ असे म्हटले जाते आणि रात्र त्यातच निघून जाते. माणूस दुपारपर्यंत नीट बोलत होता आणि आता बोलण्याचा मेळ लागत नाही, एवढेच लक्षात घ्यावे. त्याचा अर्थ लावण्याचे काम रुग्णालयावर सोडावे.

याउलट मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर वाचा पुष्कळदा शाबूत राहते, डावा हात लुळा पडतो, आणि आपला हात लुळा पडला आहे याचे भानच रुग्णाला राहत नाही. तो अत्यंत ठामपणे सांगतो की मला काहीही झालेले नाही, आणि हे तो हट्टाने सांगत नसतो. ज्या भागाने ही जाणीव करून द्यायची, तोच भाग निकामी झालेला असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या शब्दाबाहेर जाणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे, परंतु या आजारात रुग्णाच्या नकारावर विसंबू नये.

मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात आणखी फसवा असतो. त्यात चेहरा आणि हात ठीक असू शकतात. अचानक घर फिरल्यासारखे वाटते, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, गिळताना ठसका लागतो, आणि माणूस उभा केला की एका बाजूला झुकतो किंवा आधाराशिवाय चालूच शकत नाही. पित्त, स्पॉन्डिलायटिस, कानाचा त्रास ही नावे सर्वाधिक याच रुग्णांना चिकटतात. साध्या चक्करेतही माणूस भिंत धरून बहुधा दोन पावले टाकतो. अजिबात उभे राहता येत नसेल, तर गोळी देऊन झोपवू नये. एका डोळ्यापुढे अचानक पडदा ओढल्यासारखा अंधार येणे, किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात सुरू होणे, हीसुद्धा तातडीची चिन्हे आहेत. दुसऱ्या प्रकारात मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. तरुणांनाही पक्षाघात होतो, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत डोकेदुखी, उलट्या, आकडी असे काही झाले तर मेंदूतल्या शिरेत गुठळी झाल्याची शक्यता डॉक्टरांनी तपासलीच पाहिजे.

घाई कशासाठी, तेही आकड्यांत सांगते. जेफ्री सेव्हर या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ साली मांडलेल्या हिशेबानुसार मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाले नाहीत तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चिन्हे सुरू झाल्यापासून सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्या मुदतीतही ते जितके लवकर मिळेल तितका गुण अधिक. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून बाहेर काढण्याचा उपचार २०१५ सालच्या अभ्यासांनंतर रूढ झाला; तो बहुतेकदा सहा तासांच्या आत आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. हे तास आपण चिन्ह पाहिले तेव्हापासून मोजले जात नाहीत, रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस सकाळी सहाला हात न हलणाऱ्या अवस्थेत सापडला, तर डॉक्टरांना दहाचीच वेळ सांगावी. एमआरआय किंवा अन्य स्कॅन पाहून अशाही काही रुग्णांवर उपचार करता येतात, म्हणून ‘आता उशीर झाला’ असे घरी बसून ठरवू नये.

तुमचे आईवडील सदाशिव पेठेत आणि तुम्ही वाकडला राहता. फोन आल्यावर तुम्ही निघणार, विद्यापीठ चौकातल्या गर्दीतून पेठेत पोहोचणार आणि मग त्यांना नेणार, असा विचार असेल तर तो कृपया सोडून द्या. आईंनी तुम्हाला फोन करण्याआधी १०८ला करावा; ही रुग्णवाहिका विनामूल्य असते. त्यांच्या मजल्यावरच्या किंवा खालच्या एखाद्या शेजाऱ्याला आजच विश्वासात घ्या, त्यांना हसायला लावण्याची आणि हात उचलण्याची चाचणी दाखवून ठेवा. जुन्या इमारतीत लिफ्ट नसेल तर रुग्णाला जिना उतरायला लावू नये, हात असलेल्या मजबूत खुर्चीवर बसवून दोघा-तिघांनी खाली आणावे. कोणत्या रुग्णालयात जायचे हेही आत्ताच ठरवा: रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का, गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तेथे दिले जाते का, हे दोन प्रश्न फोन करून विचारता येतात. जवळचा दवाखाना म्हणून जेथे ही सोय नाही तेथे आधी नेले तर एक तास सहज जातो. गणेशोत्सवात, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता आणि कुमठेकर रस्ता बंद असताना पेठेतून बाहेर कसे पडायचे, याचा विचारही आधी केलेला बरा.

गाडी येईपर्यंत करण्यासारखे फार थोडे असते. रुग्णाला कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जात नाही. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालू नये, कारण गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. ॲस्पिरिन हृदयविकारात देतात म्हणून येथे देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही आणि रक्तस्रावात ती घातक ठरते. बीपी खूप वाढलेले दिसले तरी घरच्या घरी गोळी देऊन ते एकदम उतरवू नये, त्याने मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही घटतो. मधुमेह असेल आणि घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजून आकडा लिहून ठेवावा, कारण साखर फार उतरली तरी अशीच चिन्हे दिसतात. मात्र त्यासाठी निघणे थांबवू नये. बोटांना व कानाच्या पाळ्यांना सुई टोचून रक्त काढा, असा एक संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो निव्वळ खोटा आहे, आणि आपुलकीने पाठवला जातो म्हणून जास्त वाईट आहे. कबुतराचे रक्त चोळायला सांगणारा, अमुक गावी लकव्यावर हमखास औषध मिळते म्हणणारा कोणीतरी प्रत्येक कुटुंबाला भेटतोच. त्याच्याशी वाद घालण्यात वेळ न दवडता रुग्णाला गाडीत घालावे.

आज निघताना वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या, आणि रक्त पातळ करणारी एखादी गोळी चालू असेल तर ती पहिल्यांदा सांगा. ते तंबाखू, मिश्री किंवा विडी घेत असतील तर संकोच न करता तेही सांगा. रुग्णालयात मेंदूच्या स्कॅनबरोबर मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि ईसीजी करतील. हृदयाची अनियमित लय हे गुठळीचे मोठे कारण आहे आणि ती येऊनजाऊन असू शकते, म्हणून एक ईसीजी चांगला आला तरी अधिक काळ लय नोंदवणारे होल्टर लावायचे का, हे विचारा. मानेतली वाहिनी फार अरुंद झालेली निघाली आणि शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर तिचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, तेव्हा ती ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून पुढे ढकलू नका. आणि दाखल करून घ्यायचे ठरले तर वडील नक्कीच म्हणतील की मी ठणठणीत आहे, उगाच खर्च कशाला. तरीही त्यांना राहू द्या, कारण पुढच्या एक-दोन दिवसांत त्यांचा हात पुन्हा गळून पडला, तर गुठळी विरघळवणारे ते इंजेक्शन काही मिनिटांच्या अंतरावर असेल.