ताकदीची इंजेक्शनं आणि ९० लाखांचा रिपोर्ट

प्रश्न : वय ३१, लग्नाला दोन वर्षं झाली. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर असतो. वीर्यतपासणीत शुक्राणू मिलिलिटरला ९० लाख आले. पत्नीचे रिपोर्ट चांगले आहेत. जिम रोज, त्यावर थंडाई. अंग भरावं म्हणून वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय. तंबाखूच्या दोन पुड्या लागतात. आई म्हणते, तांबड्या रश्श्याची उष्णता बाधली. काय खाऊ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रश्श्याला उगाच बोल लावू नका. खाण्याआधी इंजेक्शनांचं बघायला हवं. टेस्टोस्टेरॉन बाहेरून मिळालं की मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी वृषणाला कामाला लावणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडणं जवळजवळ थांबवते आणि वृषणातलं शुक्राणूंचं काम मंदावतं, कधी पार शून्यावर येतं. दंड भरतात, वृषण मात्र आक्रसतात! बंद केल्यावर बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. युरॉलॉजिस्टना औषधाचं नाव आणि डोस न लपवता सांगा. एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी होईलच. वृषणाच्या शिरा फुगल्यात का, तेही बघून घ्या.

भट्टीचं म्हणाल, तर वृषण अंगापेक्षा २ ते ४ अंश थंड राहिले तरच शुक्राणू नीट बनतात. मुकादमाशी बोलून भट्टीसमोरची पाळी आलटून-पालटून घ्या, कपडे सैल सुती घाला. तंबाखू सोडाच.

जेवणात भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मासे, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड. थंडाईतले बदाम चालतील, साखर कमी करा, पोट सुटलं असेल तर जास्तच. झिंक-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका; अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांनी ना वीर्य सुधारलं, ना बाळं होण्याचं प्रमाण वाढलं.

जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. तरी एका रिपोर्टवर निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आधी २ ते ७ दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळा. नमुना लॅबच्या डबीतच घ्या, कंडोममधला चालत नाही. घरून न्यायचा असेल तर डबी अंगाशी धरून तासाभरात पोहोचवा, आणि मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा.