सही केलेले कोरे फॉर्म आणि जुनी मोटार

जुनी मोटार घेण्यापूर्वी तिचे कागद कसे तपासावेत, याविषयी या खेपेस इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. एकसारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर) : ओळखीच्या एका दलालाकडे २०१८ ची पेट्रोल मोटार आहे. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) भोपाळच्या एका गृहस्थांचे नाव आहे. दलालाने त्यांच्याकडून ती वर्षापूर्वीच घेतली, असे तो सांगतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर त्या गृहस्थांच्या सह्या घेऊन ठेवल्या आहेत, बाकीचे रकाने कोरे आहेत. "गाडी आज घेऊन जा, नाव निवांत लावा," असे तो म्हणतो. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. घ्यावी का?

उत्तर : आज ज्या स्थितीत कागद आहेत त्या स्थितीत घेऊ नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. आपल्या दलालाने वर्षभरात यांपैकी काहीच केलेले नाही, म्हणजे सरकारदरबारी या व्यवहारात तो कोणीच नाही. उद्या भोपाळच्या गृहस्थांनी सही आपली नाही असे सांगितले, किंवा त्यांचे निधन झाले, किंवा त्यांच्या कर्जाचा हप्ता थकला, तर दलाल हात झटकून मोकळा होईल आणि सह्यांचे ते कागद आपल्या कपाटात राहतील.

या पद्धतीचा धोका मूळ मालकालाही तेवढाच आहे. एक गाडी एकामागून एक अशी अनेक हातांत गेली, आरसीवर मात्र पहिल्याच मालकाचे नाव राहिले आणि मग तिच्यामुळे अपघात झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे ठरवले की ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणून भोपाळच्या गृहस्थांशी आपण स्वतः फोनवर बोलावे आणि नाव बदलून देण्यात त्यांचाही लाभ आहे हे त्यांना समजावून सांगावे. दलालाने फोन नंबर देण्यास टाळाटाळ केली, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळाले असे समजावे.

दलालाला आणखी एक गोष्ट विचारावी. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद आहे. त्यानुसार व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर दिली की तो व्यापारी त्या गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक मानलेला, होतो आणि तिची जबाबदारी त्याच्यावर येते. हे प्राधिकारपत्र दुकानात लावलेले असेल आणि आपल्या गाडीची तशी सूचना दिलेली असेल, तर व्यवहार बराच सुरक्षित आहे. दोन्ही नसेल तर समोर बसलेला माणूस केवळ मध्यस्थ आहे, मग दुकान कितीही मोठे असो.

आता किंमत कमी का, याकडे येऊ. परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की वाहन-नोंदींतील तपशील दिसतो, पण त्यात मालकाचे नाव फुल्या घालून झाकलेले असते. म्हणून विकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या डिजिलॉकरमधील आरसी आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. मालक कितवा, वाहनाचा वर्ग कोणता, नोंदणी व विमा कधीपर्यंत वैध, कर्जाची नोंद आहे का, आणि गाडी काळ्या यादीत आहे का, एवढ्या ओळी शांतपणे वाचाव्यात. ई-चलानच्या पोर्टलवर थकलेले दंड वेगळे पाहावेत. ते कधीकधी आभासी (ऑनलाइन चालणाऱ्या) न्यायालयाकडे गेलेले असतात आणि तेथे निकाली निघेपर्यंत नाव बदलण्याचे काम अडू शकते. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्युरोच्या 'वाहन समन्वय' या नोंदीवरून पाहता येते.

मात्र पडद्यावरचे सगळे निर्दोष असूनही गाडी चोरीची असू शकते, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. अपघातग्रस्त गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी तिला पूर्ण नुकसान मानते आणि सांगाडा भंगारात विकला जातो. त्या गाडीची नोंदणी रद्द झाली नाही, तर कागद जिवंत राहतात. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी शोधून तिच्यावर भंगारातल्या गाडीचा चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला ओळख-क्रमांक, चढवला जातो. अशा गाडीची आरसी खरी असते, विमा खरा असतो; खोटा असतो तो फक्त पत्र्यावरचा नंबर.

म्हणून तो नंबर हाताने तपासावा. चासी नंबर कोठे कोरलेला आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांत तो चालकाशेजारच्या सीटपाशी गालिच्याखाली असतो, काहींत बॉनेट उघडल्यावर इंजिनमागच्या पत्र्यावर. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की आरटीओत घेतात तशी छाप उमटते. छापेतील १७ अक्षर-अंक आरसीशी एकेक करून ताडून पाहावेत. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यांपैकी एखादे दिसले तर काहीतरी गफलत आहे. एखादा अंक खोल, एखादा उथळ, ओळ वाकडी, आजूबाजूचा पत्रा घासलेला, किंवा तेवढ्याच चौकोनात रंग ताजा, यांपैकी काहीही आढळले तर सौदा तेथेच थांबवावा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट असलेल्या गाडीच्या पुढच्या काचेवर आतून लावलेल्या स्टिकरवरही चासी व इंजिन नंबर असतो, तोही जुळला पाहिजे.

"मी तर पैसे मोजून घेतली," हा बचाव फार दूर जात नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे तत्त्व असे की विकणाऱ्याकडे जितका हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे मिळत नाही. म्हणजे चोरीची गाडी मूळ मालकाकडे परत जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण असताना तो स्वीकारणे हा गुन्हा आहे, आणि अवाजवी कमी किंमत हे तसे कारण मानले जाऊ शकते.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर) : पुण्याचा मामेभाऊ त्याची एमएच १२ ची मोटार मला देतो आहे. घरातलाच व्यवहार, गाडी माहितीची. नंबर तोच ठेवून चालवली तर चालेल का?

उत्तर : भाऊ घरचा असला तरी गाडी दुसऱ्या राज्यातील आहे, हे विसरू नये. दुसऱ्या राज्यातील गाडी येथे १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे येथील नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आपल्या भावाने फॉर्म २८ भरून पुण्याच्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे. कर, दंड किंवा कर्ज बाकी असेल तर ते मिळत नाही, म्हणजे बरीचशी तपासणी आपोआप होते. असा व्यवहार कळवण्यासाठी विकणाऱ्याला १४ ऐवजी ४५ दिवस मिळतात. पुढचे काम नायता मुंडला येथील आपल्या आरटीओत होईल.

खरा प्रश्न कराचा आहे. मध्य प्रदेशात आजीवन कर नव्याने भरावा लागेल. त्याचा आकडा गाडीची किंमत ठरवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावा, कारण जुन्या गाडीच्या सौद्यात ही रक्कम हिशेबात न धरल्याने नाती दुखावल्याची पत्रे आमच्याकडे येतात. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मागता येतो, पण तो आपोआप खात्यात येत नाही, अर्ज करावा लागतो. तो परतावा भावाने ठेवायचा की किमतीतून वजा करायचा, हे आधीच बोलून घ्यावे.

आणखी दोन वाचकांनी दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या डिझेल गाड्यांविषयी विचारले आहे. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांमुळे तेथे १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. पुढे त्या आदेशांत फेरबदल झाले. स्वस्ताईचे कारण हे असेल तर त्यात लबाडी नाही. परंतु ना हरकत प्रमाणपत्र हातात पडण्यापूर्वी पूर्ण रक्कम देऊ नये, आणि ते इंदूरसाठीच दिलेले आहे का, हे वाचून पाहावे. राज्य बदलले तरी तोच नंबर चालतो अशा बीएच मालिकेची गाडी घेत असाल तर ती सवलत ठरावीक नोकरदारांनाच आहे. आपण त्यात बसत नसल्यास स्थानिक नोंदणी करून येथील कर भरावा लागेल.

प्रश्न (महू) : विकणारे म्हणतात की कर्ज फिटले आहे, बँकेचे पत्रही दाखवतात, आरसीवर मात्र बँकेचे नाव अजून आहे.

उत्तर : कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या ना हरकत पत्रासोबत फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच बँकेचे नाव निघते. बँकेच्या पत्रावर बहुधा मुदत लिहिलेली असते, ती उलटली असेल तर नवे पत्र आणावे लागेल. हे काम विकणाऱ्याने आधी करून द्यावे, मग विसार द्यावा.

प्रश्न (टिळकनगर, इंदूर) : आमच्या कॉलनीतील एक काका चार महिन्यांपूर्वी गेले. काकूंना त्यांची गाडी विकायची आहे आणि ती आम्हीच घ्यावी अशी त्यांची इच्छा आहे. काकांनी आजारपणात फॉर्मवर सह्या करून ठेवल्या आहेत. त्या चालतील का?

उत्तर : नाही. हयात नसलेल्या माणसाची सही वापरून, मागची तारीख घालून नाव बदलणे, हे कितीही सद्भावनेने केले तरी खोटा दस्तऐवज करणे होईल. नियमाप्रमाणे निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर वारसाच्या नावाने अर्ज करायचा असतो. मुदत उलटली असली तरी विलंबाची रक्कम भरून काम होते. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि मुलाबाळांची संमती जोडून गाडी आधी काकूंच्या नावावर व्हावी, त्यानंतर नेहमीच्या फॉर्म २९ व ३० वर ती आपल्या नावावर यावी. काकूंना या वयात एकटीने खिडक्यांपुढे उभे राहावे लागू नये म्हणून आपण सोबत जावे. गाडीला १५ वर्षे होत आली असतील तर आणखी एक खर्च मोजावा: १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे.

प्रश्न (लोकमान्यनगर, इंदूर) : सात वर्षांच्या गाडीचा काटा फक्त ३१ हजार किलोमीटर दाखवतो. "एका हाताने चालवलेली, ओरखडाही नाही," असे मालक म्हणतात. खरे-खोटे कसे करावे?

उत्तर : काट्यावर विश्वास ठेवू नये, सर्व्हिसच्या नोंदींवर ठेवावा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दर खेपेचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाने सोबत येऊन ती यादी काढून दिली तर पाच मिनिटांत सगळे स्पष्ट होते.

ओरखड्याचे उत्तर विम्याच्या पॉलिसीत मिळते. सलग दावा न केलेल्या वर्षांसाठी विम्याच्या हप्त्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या भागात २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढती सूट मिळते. पहिल्यापासून एकच मालक असलेल्या सात वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर ही सूट ५० ऐवजी शून्य किंवा २० टक्के दिसली, तर अलीकडे दावा झाला आहे किंवा विमा ९० दिवसांहून अधिक काळ खंडित होता. कोणते खरे, हे मालकांनाच विचारावे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला डागाची रेघ राहते, आणि सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज व गालिच्याखालची वाळलेली माती धुऊनही जात नाही. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हे नोंदींतील वाहनवर्गाच्या बदलावरून कळते. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी, तसेच टाकीच्या दर तीन वर्षांनी होणाऱ्या चाचणीचा दाखलाही मागावा.

ती ५० टक्के सूट मात्र आपल्याला मिळणार नाही, कारण ती गाडीची नसून मालकाची असते. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेल्या पावतीवर दोघांनी सह्या कराव्यात, आणि त्या तारखेपासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. सवलतीतील फरकाची रक्कम किती पडेल, हे कंपनीला किंमत पक्की करण्यापूर्वीच विचारून ठेवावे.