हिमोग्लोबिन नॉर्मल, मग दम का लागतो?

प्रश्न: बाबांना हार्ट फेल्युअर आहे, पंपिंग ३५ टक्के. गोळ्या वेळेवर चालू आहेत, हिमोग्लोबिन १३.२ आहे, तरी एक जिना चढला की बसतात. आता डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची टेस्ट) करायला सांगितलंय. कशाला? बीट, गूळ-शेंगदाणे देऊन भागणार नाही का?

उत्तर: टेस्ट करून घ्याच. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं आपल्याला वाटतं पण स्नायूंच्या पेशी ऑक्सिजन वापरून ताकद तयार करतात तिथेही ते लागतंच, त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं आणि माणूस चालताना लवकर थकतो. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ मध्ये असून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) २० टक्क्यांखाली, तर कमतरता धरतात. लॅबच्या कागदावर मात्र फेरिटिन ६० ला 'नॉर्मल' छापलेलं असतं, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांनाच दाखवा!

गूळ-शेंगदाणे खाऊ द्या (शुगर नसेल तर), पण त्याने ही तूट भरत नाही. या आजारात हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं हार्मोन) वाढून आतड्यातून लोह नीट शोषलंच जात नाही. २०१७ च्या आयर्नआउट ट्रायलमध्ये लोहाच्या गोळ्यांनी व्यायामाची क्षमता वाढली नाही, उलट २००९ च्या फेअर-एचएफमध्ये शिरेतून लोह दिलेले पेशंट ६ मिनिटांत जास्त अंतर चालले.

सलाईनमधून द्यायचं की नाही ते कार्डिओलॉजिस्ट ठरवतील. आणि हो, शौचाला काळी होत असेल तर आधी ते सांगा, रक्त कुठून जातंय ते बघावं लागेल.