थिसिस डोक्याचा, वही पाठीची

फोंडा,
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय बाय,

तुझा थिसिसचा आराखडा दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा वीज गेली तेव्हा टॉर्चच्या उजेडात. मथळा वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागतो! पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष त्यात, तान्ह्या बाळांच्या डोक्याला होणारी इजा त्यात, वर दोन्हींच्या ऑपरेशनचे निकालही त्यातच. आणि हातात वर्ष-दीड वर्ष. दोन्हींतला एक विषय निवड असं तुझे गाइड म्हणाले असतील, मीही तेच म्हणणार. पण हे दोन विषय तुला एकत्र सुचले ते उगाच नाही. दोन्हीकडे पेशंटला बोलता येत नाही. त्याची हकीकत दुसरंच कोणीतरी सांगतं, ती तिसराच लिहून घेतो, आणि संशोधन होतं ते त्या लिहिलेल्यावर.

लिहिण्यात माझ्याकडून काय झालं ते आधी ऐक. मी न्यूरोसर्जरीत रेसिडेंट होतो, गोव्याबाहेर. दोन महिन्यांची मुलगी लस टोचायला आणलेली, तिच्या पाठीवर खाली मधोमध बारीक खळगी. बालरोगवाल्यांनी आमचं मत मागितलं. मी केसपेपरवर तीन शब्द लिहिले, 'खळगी, विशेष नाही', आणि कॅन्टीनला गेलो. सात महिन्यांनी ती तापाने फणफणलेली, मान ताठ झालेली अशी परत आली. ती खळगी नव्हतीच. त्वचेपासून मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेली नळी होती, डर्मल सायनस, आणि त्या वाटेने जंतू आत उतरले होते. पोर वाचली. पण सरांनी माझा केसपेपर राउंडला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि एवढंच विचारलं, "खळगी कुठे होती? केवढी होती?" कागदावर नव्हतं आणि मला आठवत नव्हतं.

तेव्हापासून एप्रनच्या खिशात प्लॅस्टिकची पट्टी ठेवली ती निवृत्त होईपर्यंत. खळगी मध्यरेषेवर आहे का, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत आहे का, तिचा व्यास पाच मिलिमीटरहून कमी आहे का, आणि आसपास केसांचा झुपका, लाल डाग, चरबीची गाठ यांतलं काही नाही ना. चारही उत्तरं ठीक असली तर बहुतेक वेळा चिंता नसते. एखादं बिनसलं की आत पाहायचं. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांच्या मागच्या कमानी पुरत्या हाडाच्या झालेल्या नसतात, म्हणून साध्या सोनोग्राफीतही मज्जारज्जूचं टोक दिसतं. ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपायला हवं. त्याहून खाली ओढलेलं असलं तर टेथर्ड कॉर्ड, म्हणजे खाली अडकून ताणला जाणारा मज्जारज्जू. वासरू वाढतंय आणि गळ्यातलं दावं तेवढंच आहे, असं मी आईबापांना सांगायचो. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

तर तुझ्या आराखड्यातलं 'त्वचेवरील खूण : आहे / नाही' हा रकाना आधी काढून टाक. जागा, अंतर मिलिमीटरमध्ये, आणि फोटो. फोटोत पट्टी दिसली पाहिजे.

दुसरी खोट जास्त गंभीर आहे. वॉर्डात आलेल्या मुलांवरून तू 'गोव्यातलं प्रमाण' काढायला निघालीस. ते निघणार नाही. बांबोळीच्या आपल्या सरकारी इस्पितळात जशी गोव्याच्या दोन टोकांची, पेडण्या-काणकोणची मुलं येतात तशी महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-सावंतवाडीचीही येतात. ती कुठल्या जन्मांच्या आकड्याने भागणार? शिवाय विसाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत पाठीवरची उघडी गाठ दिसली की काही घरं गर्भ ठेवत नाहीत, आणि ती बाळं तुझ्या यादीत कधीच येत नाहीत. यादी लहान होत चालली म्हणजे आजार कमी झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही.

कमी होऊ शकतो हे मात्र पक्कं ठाऊक आहे. ज्या बाईचं आधीचं मूल असा दोष घेऊन आलं, तिने गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी उतरतो, हे ७ देशांतल्या ३३ केंद्रांच्या चाचणीने १९९१ मध्ये दाखवलं. आपल्याकडे अडचण वेळेची आहे. गर्भातल्या ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते किंवा उघडी राहते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. गोळीची पट्टी हातात पडते तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक आईला 'गोळ्या घेतल्या का' असं विचारू नकोस, 'पहिली गोळी कधी घेतली' असं विचार. पहिल्या प्रश्नाला सगळ्याच 'हो' म्हणतात.

आता डोक्याकडे वळू. इथे पट्टी कामाची नाही, कान लागतो. केसपेपरवर लिहिलेलं असतं 'पडल्याचा इतिहास'. आई प्रत्यक्षात म्हणालेली असते, "भुरगें हातांतल्यान निसरलें", मूल हातातून निसटलं. कोणाच्या हातातून? बलकांवाच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीवर की आत लादीवर? स्कूटरवर मागे बसलेल्या आईच्या मांडीवरून असेल, तर ते 'पडणं' वेगळंच झालं. तिचं वाक्य तिच्याच कोंकणीत, जसंच्या तसं उतरव. भाषांतर नंतर करता येतं, हरवलेलं वाक्य परत येत नाही.

अमेरिकेतल्या ४२,४१२ मुलांवरचा २००९ चा अभ्यास तू आराखड्यात घातलास ते चांगलं केलंस. डोक्याचं सीटी स्कॅन कोणाचं न करता चालेल हे त्यांनी शोधलं. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीचे त्यांचे सहा मुद्दे पुन्हा बघ : शुद्धीत फरक, कवटीचं बोटांनी चाचपून कळणारं फ्रॅक्चर, कपाळ सोडून इतरत्र आलेलं टेंगूळ, पाच सेकंद किंवा जास्त बेशुद्धी, तीन फुटांवरून पडण्यासारखा जोराचा मार, आणि सहावा, मूल नेहमीसारखं वागत नाही असं आईबापांना वाटणं. एवढ्या मोठ्या अभ्यासात आईचं म्हणणं मशीनच्या बरोबरीने बसलंय. आपण मात्र ओपीडीत पहिल्यांदा तिलाच बाहेर थांबवतो.

एक गोष्ट हातालाच शिकवून ठेव. चार किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण ३२० मिली, म्हणजे दोन-तीन कप चहाएवढं. मोठ्या माणसाच्या टेंगळात जेवढं साठलं तर आपण बर्फ लाव म्हणतो, तेवढ्याने हे पोर पांढरं पडतं. टाळूवर बोट ठेव, डोक्याचा घेर मोज, आणि लिही.

मारहाणीच्या शंकेबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि खोडल्यास. खोडलेलं दिसतं गो. लिहायला हवंच. १९४६ मध्ये कॅफी या रेडिऑलॉजिस्टने मेंदूवर रक्त साठलेल्या बाळांच्या हातापायांच्या हाडांतही फ्रॅक्चर दाखवले. १९७१ मध्ये गथकेल्च या आपल्याच शाखेच्या माणसाने मांडलं की डोकं कुठेही न आपटता, नुसतं जोराने हलवल्यानेही असं होऊ शकतं. तेच गथकेल्च उतारवयात आपल्याच मांडणीवरून घाईने लोकांना दोषी ठरवलं जातंय म्हणून अस्वस्थ झाले. हे दोन्ही एकाच माणसात मावलं, तुझ्या नोंदीतही मावलं पाहिजे. आपल्या बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात. नवख्या डोळ्याला तो मुका मार वाटतो. जन्मल्यावर व्हिटॅमिन के न मिळालेलं, फक्त अंगावर पिणारं बाळ महिन्या-दीड महिन्याचं असताना, कुणी हातही न लावता, मेंदूत रक्तस्राव घेऊन येऊ शकतं. म्हणून रक्त गोठण्याची तपासणी आधी, डोळ्यांचा पडदा नेत्रवाल्यांकडून, हाडांचे एक्स-रे, आणि मग मत. पण हेही खरं की जे पोर अजून रांगत नाही ते स्वतःला काळं-निळं करून घेत नाही. 'हलवल्यामुळे रक्तस्राव' असं लिहू नकोस, तो निष्कर्ष झाला. काय दिसलं, कुठे, केवढं, आणि कोण काय म्हणालं, एवढंच लिही.

कोणता विषय ते सांगायचं राहिलं. थिसिस डोक्याचा कर. कवटीचं फ्रॅक्चर झालेली तीन वर्षांखालची मुलं दोन-तीन महिन्यांनी परत बोलावून बघ. क्वचित एखाद्यात खालचं आवरण फाटलेलं असतं आणि भेग सांधण्याऐवजी रुंदावत जाते. पहिल्या दिवशी ते कळत नाही, परत आलेल्या मुलातच कळतं. किती परत आली हाही निकालच, आणि तो तुझ्या मुदतीत मिळतो.

पाठीचा निकाल तुझ्या मुदतीत मिळणार नाही. गर्भाशयातच बाळाची पाठ मिटवण्याची २०११ ची चाचणी तू वाचली आहेस. वर्षभरात मृत्यू किंवा शंट (मेंदूत साठणारं पाणी बाहेर वळवणारी नळी) लागणं, या बाबतीत गर्भातल्या ऑपरेशनचा फायदा इतका उघड दिसला की २०० जणींचं ठरलेलं असताना १८३ वरच त्यांनी भरती थांबवली. शंट लागलेली बाळं ४० टक्के, जन्मानंतर ऑपरेशन केलेल्यांत ८२ टक्के. सगळे हाच आकडा सांगतात. मला मोठं वाटतं ते हे की तीच मुलं त्यांनी पुढे शाळेच्या वयात पुन्हा बोलावली.

आपण बोलावत नाही. परवा पेडण्याहून एका मुलीचा फोन आला. लहानपणी तिचं ऑपरेशन मी केलं होतं, आता कॉलेजात आहे. माझ्या कागदांत ती 'उत्तम निकाल' आहे, कारण चालते. ती सांगत होती की शाळेत लघवी काढायची नळी, म्हणजे कॅथेटर, घालायला स्वच्छ जागा नव्हती म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत ती सकाळी पाणीच प्यायची नाही. स्वच्छ असला की पुरे, निर्जंतुक कॅथेटर लागत नाही, हे लॅपिडिस या मूत्ररोगतज्ज्ञाने १९७२ मध्येच दाखवून ठेवलंय. पण स्वच्छ जागा तरी हवी ना? मूत्रपिंडाचं जे व्हायचं ते त्या वर्षांत होतं, आणि आम्ही तेव्हा फक्त पाय मोजत होतो.

म्हणून पाठीची वही वेगळी काढ. एथिक्स कमिटीची परवानगी काढूनच, नावं आणि नंबर कुलपात, वहीत फक्त सांकेतिक क्रमांक. फोन नंबर दोन घे. आईचा नंबर दर वर्षी बदलतो, मामाचा किंवा वाड्यावरच्या दुकानाचा सहसा बदलत नाही, तोही घे, पण त्यांना विचारून. रकाने थोडेच ठेव, नाहीतर तुझ्यानंतरची रेसिडेंट ते भरणार नाही. 'शाळेत पाणी पिते का' हा एक रकाना माझ्यासाठी घाल.

पुढच्या रविवारी मी घरीच आहे. जेवायलाच ये. वही कोरी आण, जाड पुठ्ठ्याची. पहिल्या पानाच्या रेघा आपण मिळून मारू. आणि ती पेडण्याची मुलगी म्हणाली आहे की तिला पहिल्या ओळीत घातलं तर चालेल.

तुझा,
डॉक्टरकाका