इंग्लंडात खालच्या लीगमध्ये खेळून भाडं काढायचा प्लॅन, आणि त्यातली मेख

तू लिहिलंयस की वय २१, कोल्हापुरात तालमीकडून (म्हणजे तिथल्या क्लबकडून) सिनियर फुटबॉल लीग खेळतोस, मागच्या सीझनला संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्याराज्यांतल्या स्पर्धेच्या, महाराष्ट्र टीममध्ये होतास, आता सप्टेंबरला यूकेत मास्टर्सला यायचं, शिकता शिकता एखाद्या सेमी-प्रो, म्हणजे थोडेफार पैसे देणाऱ्या अर्धवेळ, क्लबला खेळायचं, त्यातून रूमचं भाडं सुटेल आणि कुणाच्या नजरेत भरलो तर पुढचं पुढे. ऐकायला झकास आहे रे, पण भाडं सुटायचा जो भाग आहे ना तोच नियमात बसत नाही, म्हणून ते आधी.

स्टुडंट व्हिसावर प्रोफेशनल स्पोर्ट्सपर्सन म्हणून काम करता येत नाही, एवढं एजंटपण सांगतो. तो जे सांगत नाही ते म्हणजे यांची प्रोफेशनलची व्याख्या. सेमी-प्रो लेव्हलला खेळलास तरी तू त्यात आलास, पैसे घे नाहीतर फुकट खेळ. कोचिंग केलंस तरी तेच. आणि गेल्या २ वर्षांत राज्याच्या टीमकडून खेळलेला माणूसही त्यात मोडतो, म्हणजे तुझी संतोष ट्रॉफी, जी तू बायोडेटात सगळ्यात वर लिहिणार आहेस, तीच तुला नडू शकते. मास्टर्सनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसालाही ही बंदी आहेच. 'फक्त पेट्रोलचे पैसे देऊ, कुणाला कळत नाही' असं म्हणणारा मॅनेजर तुला नक्की भेटेल, पण मॅच रिपोर्ट, टीमशीट, फोटो सगळं नेटवर असतं, आणि गोत्यात येणार तू, तो नाही.

मग मी कसा खेळलो म्हणशील. मी पेडण्याचा, वडील १९५४ चे, म्हणजे गोवा मुक्तीच्या आधी जन्मलेले, त्यामुळे घरात पोर्तुगीज पासपोर्ट निघाले, तेव्हा त्यावर यूकेत व्हिसा लागत नसे, आणि २०११ ला मी इंग्लंडातल्या स्विंडनला आलो, इथे गोंयकारांची एवढी वस्ती आहे की पहिले दोन महिने इंग्रजीची गरजच पडली नाही. पासपोर्टमुळे खेळलो, पायांमुळे नाही. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, नुसता तो पासपोर्ट घेऊन इथे राहायला यायची वाटही बंद झाली.

११ सीझन, ७ क्लब, सगळे सातव्या ते दहाव्या लेव्हलचे. वरच्या चार डिव्हिजनमधले ९२ क्लब फुलटाइम, पाचवी म्हणजे नॅशनल लीग तिथेही बरेच फुलटाइम, त्याच्याखाली बहुतेक सगळे दिवसा दुसरं काहीतरी करतात, आमच्यात एक प्लंबर, दोन शाळामास्तर, एक पोस्टमन आणि मी गोदामात रात्रपाळीला. पहिल्या क्लबात आठवड्याला २५ पौंड मिळायचे, सगळ्यात जास्त मिळाले ते ९०, तेही सातव्या लेव्हलला दीड सीझन. शनिवारी दुपारी ३ ला मॅच आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी रात्री पावणेआठला, ती लांबची असली, म्हणजे डेव्हनमध्ये वगैरे, की अर्धी शिफ्ट बुडायची, रात्री १ ला परत, म्हणजे ९० पौंड कमवायला ५० पौंडाचा पगार घालवायचा. जानेवारीत तर सकाळी रेफरी मैदान बघून मॅच रद्द करतो, तेव्हा तू निम्म्या रस्त्यात असतोस. नवव्या लेव्हलला बघायला ८०-१०० माणसं, त्यात चारपाच कुत्री. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार तालमींच्या मॅचला जी गर्दी आणि जो दंगा असतो तो डोक्यातून काढून टाक.

आणि सात क्लब का, तर मी काही हट्टी प्लेयर नव्हतो. खाली बहुतेकांना कॉन्ट्रॅक्टच नसतं, दुसऱ्या क्लबला तू हवा असलास तर त्यांनी सात दिवसांची नोटीस द्यायची की लगेच बोलणी सुरू, आणि तुझ्या क्लबला तू नको असलास तर तेवढीही वाट बघत नाहीत. मॅनेजर बदलला की तो आपली पाच माणसं घेऊन येतो, तुझं नाव टीमशीटवर दिसत नाही आणि कुणी काही बोलत नाही, तूच समजून घ्यायचं. एका क्लबाने फेब्रुवारीपासून पैसे थांबवले, चेअरमन म्हणाला कपचे पैसे आले की देतो, तो कप आम्ही पुढच्याच राउंडला हरलो. पण असेही लोक असतात ज्यांना हेच आवडतं, जेफरसन लुईस नावाचा स्ट्रायकर ४० च्या वर क्लबांना खेळलाय. २००२ ला एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) कपात ऑक्सफर्डकडून स्विंडनला हरवणारा गोल त्याचा, इकडचे म्हातारे अजून त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

खालच्या लीगमधून इंग्लंडच्या टीमपर्यंत गेलेल्या जेमी वार्डीचं मला सांगू नकोस, तो प्रत्येक जण सांगतो. स्टॉक्सब्रिज या छोट्या क्लबला आठवड्याला ३० पौंड आणि कारखान्यात नोकरी, तिथून वर चढत २०१२ ला दहा लाख पौंडात लेस्टर, खरं आहे सगळं, पण त्याला व्हिसा लागत नव्हता. आपल्या पासपोर्टवर प्रो व्हायचं तर एफएचं एंडोर्समेंट (व्हिसासाठी लेखी मान्यता) लागतं, त्याचे पॉइंट देशाचं फिफा रँकिंग, नॅशनल टीमच्या मॅचेस, आधीची लीग यावर असतात. सुनील छेत्रीला २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्स हा लंडनचा क्लब घ्यायला तयार होता, तरी वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० त नव्हता. छेत्रीला! त्याआधी १९९९ ला बायचुंग भुतिया बरी नावाच्या इंग्लिश क्लबला आला, तेव्हा तो क्लब तिसऱ्या लेव्हलला होता. म्हणून 'यूके क्लब ट्रायल, ३ लाखांत' असं कुणी म्हटलं तर त्याला एकच विचार, ट्रायल पास झालो तर कुठल्या व्हिसावर सही करणार.

माझं मत विचारशील तर आत्ता २१ ला पाय चालतायत तोवर आय-लीग २, आय-लीग ३, गोव्याची प्रोफेशनल लीग, बंगळूर, इथे ट्रायल दे. क्लब बदलत पोट भरायचंच असेल तर तिकडे निदान व्हिसा लागत नाही, आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतात राहूनच २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. मास्टर्स २४ लाही करता येतं.

तरी यंदाच यायचं असेल तर शिकायला ये, टर्म चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, भाडं त्यातूनच बघ. फुटबॉल युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये खेळ, तिथे मैदानं क्लबांपेक्षा बरी असतात खरं तर. पण त्याच्याही आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक, राज्याच्या टीमचं आणि तालमीच्या रजिस्ट्रेशनचं काहीही न लपवता लिही, आणि उत्तर लेखी घे, फोनवर नको. नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे माझ्यावरही विसंबू नकोस. त्यांचं उत्तर काय आलं ते इथेच टाक, मग बूट कुठले आणायचे ते सांगतो, तिकडचे मोल्डेड (बुटाच्या तळाला कायमचे जोडलेले) स्टड नोव्हेंबरच्या चिखलात काही कामाचे नाहीत.