जुन्या कॅनेडियन माउंटन बाइकच्या फ्रेमचा वरचा दांडा उतरता का असतो?

याचे मूळ व्हँकुव्हरलगतच्या नॉर्थ शोअर डोंगरउतारांत आहे. तेथील वाटा पावसाने निसरड्या, मुळांनी आणि खडकांनी भरलेल्या व तीव्र उताराच्या असल्याने स्वाराला वारंवार पाय टेकावा लागतो, आणि अशा वेळी सपाट दांडा (ज्यावर आपल्याकडे डबलसीट बसवतात तोच) नेमका नको तेथे लागतो. १९८०च्या दशकाच्या मध्यात सायकलच्या फ्रेम बनवणारे कारागीर पॉल ब्रोडी यांनी हा दांडा हँडलकडून सीटकडे उतरता केला. नळ्यांचा मधला त्रिकोण लहान झाल्याने फ्रेम अधिक ताठ झाली, तर बाहेर आलेला लांब सीटपोस्ट (सीटखालची नळी) किंचित लवचीक राहून बसणाऱ्याला लागणारे धक्के थोडे सौम्य करू लागला. पुढे हीच ठेवण जगभर रूढ झाली.

व्हँकुव्हरमध्येच १९८१ साली सुरू झालेल्या रॉकी माउंटन या सायकल कंपनीच्या जुन्या सायकलीही संग्राहकांना प्रिय आहेत. मात्र ब्रोडींची फ्रेम हाती आल्यास प्रथम नळ्यांचे सांधे पाहावेत: पितळ वितळवून भरलेला आणि कानशीने घासून गुळगुळीत केलेला सांधा रंगाखाली इतका सलग दिसतो, की एक नळी कोठे संपते हे बोट फिरवूनही कळत नाही.